मलबारचा लेपा: चिखलाचा तळ, पावसाळा आणि एका लहान चपट्या माशाचे आयुष्य

खाडीकाठ

चपट्या माशांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या एका बाजूला आलेल्या दोन डोळ्यांपाशी थांबते. ते आश्चर्य खरेच आहे, परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान लेप्याच्या बाबतीत त्याच्या डोळ्यांइतकीच त्याची राहण्याची जागा आणि त्याचे वर्षाचे चक्र विलक्षण आहे. या माशाचे शास्त्रीय नाव सायनोग्लोसस मॅक्रोस्टोमस. व्यापारात त्याला मलबार सोल म्हणतात आणि केरळात तो मांतळ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे लेपा आणि गोव्यात लेपो या नावांखाली जे अनेक मासे विकले जातात, त्यांच्याच कुळातला हा एक. तो क्वचितच वीतभर लांबीच्या जवळ जातो. बाजारात येणारा मासा साधारणपणे १० ते १५ सेंटिमीटरचा असतो. केरळच्या उत्तर भागात, विशेषतः कोळिकोडच्या आसपास, त्याची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

प्रथम त्याच्या शरीराविषयी. हा मासा जिभेच्या आकाराचा असून पाठीचा पर, शेपटीचा पर आणि गुदपर हे तिन्ही सलग जोडलेले असतात. छातीचे पर त्याला नसतातच. दोन्ही डोळे डाव्या अंगावर असतात, ती बाजू तपकिरी असते आणि तीच वर ठेवून मासा तळावर पडून राहतो. खालची उजवी बाजू पांढुरकी असते. मुस्कट पुढे येऊन आकड्यासारखे खाली वळलेले असते, त्यामुळे तोंड वाकडे आणि खालच्या दिशेला उघडणारे दिसते. ही वाकडी ठेवण निरुपयोगी मुळीच नाही. दात मुख्यतः खालच्या, म्हणजे डोळे नसलेल्या बाजूच्या जबड्यावर विकसित झालेले असतात आणि त्याच बाजूच्या डोक्यावर स्पर्श ओळखणारे बारीक उंचवटे असतात. चिखलातले भक्ष्य दिसण्याच्या आधी त्याला जाणवते, आणि ज्या बाजूने जाणवते त्याच बाजूने ते पकडले जाते.

त्याचे मुख्य अन्न म्हणजे चिखलात नळ्या करून किंवा मोकळे राहणारे वलयी कृमी, म्हणजेच पॉलिकीट. त्यांच्या जोडीला अ‍ॅम्फिपॉडसारखे लहान कवचधारी जीव आणि अगदी छोटे शिंपले. मलबारच्या माशांच्या पोटात प्रायोनोस्पिओ या वंशाचे कृमी मोठ्या प्रमाणात सापडल्याची नोंद जुन्या अभ्यासांत आहे. मऊ, बारीक गाळाच्या तळावर हे कृमी विपुल असतात, आणि म्हणूनच लेप्याचा नकाशा हा खडकाचा किंवा स्वच्छ वाळूचा नसून चिखलाचा नकाशा आहे.

आता पावसाळा. जून ते ऑगस्ट या काळात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून हा मासा जवळजवळ नाहीसा होतो आणि पावसाचा जोर ओसरताना, ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, मोठ्या थव्यांनी परत येतो. कोळिकोडजवळच्या वेस्ट हिल येथील मत्स्यसंशोधन केंद्रात काम करणारे शेषप्पा आणि भीमाचार यांनी १९५० च्या दशकात याचा कारणांसह मागोवा घेतला. त्यांनी केवळ मासे मोजले नाहीत, तर किनाऱ्याजवळच्या तळाचा गाळ काढून त्यातले जीवही तपासले. पावसाळ्यात लाटांनी तळ ढवळला जातो, नद्यांच्या पुरामुळे क्षारता घटते आणि तळावरचे लहान जीव मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, असे त्यांना आढळले. लेप्याचे अन्नच त्या काळात संपते.

हा उपवास माशाच्या अंगावर नोंदला जातो. खवल्यावर वाढीच्या सूक्ष्म रेषा असतात. वाढ मंदावली की त्या रेषा दाट होतात किंवा तुटतात आणि एक वलय तयार होते. समशीतोष्ण समुद्रातल्या माशांच्या खवल्यांवर अशी वलये हिवाळ्यात पडतात हे आधीपासून ठाऊक होते, परंतु उष्ण कटिबंधात हिवाळा नसल्याने तिथल्या माशांचे वय खवल्यांवरून सांगता येणार नाही, असा समज रूढ होता. मलबारच्या लेप्यावर पावसाळ्याचे वलय पडते हे १९५१ मध्ये या दोघांनी मांडले, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माशांचे वय ओळखण्याच्या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळाले. माझ्या मते भारतीय मत्स्यशास्त्रातल्या सर्वांत सुंदर निरीक्षणांपैकी हे एक आहे, कारण त्यात गाळ, कृमी, पाऊस आणि खवला हे सगळे एका सूत्रात येतात.

जाणकारांनी भर घालावी, शंका विचाराव्यात.

रापणकर

अतिशय माहितीपूर्ण लेखन. आमच्याकडे मालवणच्या बाजूला रापणीत लेपे येतात, पण काही हातभर लांब असतात आणि काही अगदी लहान. दोन्हींना आम्ही लेपेच म्हणतो. हे एकाच माशाचे लहान-मोठे नमुने समजायचे की वेगळ्या प्रजाती? मोठ्यांची खवलेही मोठी आणि खरखरीत वाटतात.

खाडीकाठ

रापणकर, आपल्या वर्णनावरून हातभर लांबीचा मासा मलबारचा लेपा नव्हे. सायनोग्लोसस या एकाच वंशात अनेक प्रजाती आहेत आणि कोकण किनाऱ्यावर त्यांतल्या कित्येक सापडतात. मोठ्या खवल्यांचा, सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा सायनोग्लोसस अ‍ॅरेल हा त्यांपैकी एक, आणि आपण सांगता तो मासा तो असण्याची शक्यता मला जास्त वाटते. नक्की ओळखायचे असेल तर वरच्या बाजूवर पार्श्वरेषा (अंगावरून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या संवेदी रेषा) किती आहेत, त्यांच्या मधल्या पट्ट्यात खवल्यांच्या ओळी किती आहेत आणि मुस्कटाचा आकडा किती मागे पोहोचतो हे पाहावे लागते. नुसत्या लांबीवर किंवा रंगावर विसंबू नये.

याच संदर्भात जुने साहित्य वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या लेखांत मलबारचा हा मासा सायनोग्लोसस सेमिफॅसिएटस या नावाने आढळतो. ती फ्रान्सिस डे यांनी १८७७ मध्ये वर्णिलेली निराळी प्रजाती आहे. मॅक्रोस्टोमस ही प्रजाती नॉर्मन यांनी १९२८ मध्ये वेगळी केली होती आणि ए. जी. के. मेनन यांच्या १९७७ च्या प्रबंधाने या संपूर्ण वंशाची मांडणी नव्याने केली. त्यामुळे शेषप्पा-भीमाचार यांचे निष्कर्ष वाचताना मासा मॅक्रोस्टोमस आहे असे धरूनच वाचावे.

वर्गातील_फळा

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. धागालेखकांनी डोळ्यांचा विषय मुद्दाम मागे ठेवला आहे, तरी विद्यार्थ्यांसाठी तो इथे नोंदवून ठेवावासा वाटतो.

अंड्यातून बाहेर पडलेला लेप्याचा डिंभ इतर कोणत्याही माशाच्या पिल्लासारखा सममित असतो. तो तळावर नव्हे तर वरच्या पाण्यात तरंगत राहतो आणि त्याचे दोन डोळे दोन बाजूंना असतात. काही आठवड्यांत रूपांतर सुरू होते आणि लेप्यांमध्ये उजवा डोळा डाव्या बाजूकडे सरकू लागतो. कवटीची हाडे, स्नायू, मज्जातंतू, जबडा, रंगपेशी हे सर्व त्याबरोबर बदलतात. त्यानंतर मासा तळाशी उतरतो. या रूपांतराची सुरुवात थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाने होते, हे जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकात तिथल्या चपट्या माशावर प्रयोग करून दाखवले. बेडकाच्या डिंभाचा बेडूक होण्यामागे जे संप्रेरक असते तेच इथेही काम करते, आणि वर्गात हे सांगितले की विद्यार्थी दोन्ही प्रकरणे एकत्र वाचू लागतात, असा माझा अनुभव आहे.

उत्क्रांतीच्या वादात या डोळ्याला मोठे स्थान आहे. सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ मध्ये आक्षेप घेतला होता की डोळा अर्धवट सरकला तर त्याचा माशाला काहीच उपयोग नाही, मग निसर्गनिवडीने हा बदल टप्प्याटप्प्याने कसा घडेल? डार्विन यांनी पुढच्याच वर्षी आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्याला उत्तर दिले, पण अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा प्रौढ मासा मात्र त्यांच्यापुढे नव्हता. तो पुरावा २००८ मध्ये मॅट फ्रीडमन यांनी मांडला. इटलीतल्या मोंते बोल्का येथील सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतल्या अ‍ॅम्फिस्टियम आणि हेटरोनेक्टिस या जीवाश्मांच्या कवट्या असममित आहेत, परंतु त्यांचा एक डोळा डोक्याचा माथा ओलांडून पलीकडे गेलेला नाही. ते मासे प्रौढ होते आणि त्या अवस्थेतच जगत होते.

त्याच्याशी जवळचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावर आजही मिळते. सेटोडिस या मोठ्या दातांच्या चपट्या माशाचा सरकलेला डोळा जवळजवळ डोक्याच्या कडेवर असतो, त्याच्या पाठीचा पर डोक्यापर्यंत येत नाही, आणि त्याच्यात डाव्या व उजव्या डोळ्यांचे मासे साधारण सारख्या संख्येने आढळतात. लेपा नेहमी डावा. बाजारात दोन्ही शेजारी मिळाले तर विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी यापेक्षा चांगली जोडी मला ठाऊक नाही.

पुळण

दोन प्रश्न. एक, चिखलात पुरलेला मासा श्वास कसा घेतो? गाळाने त्याचे कल्ले भरत कसे नाहीत? दुसरा, चपटे मासे तळाप्रमाणे रंग बदलतात असे वाचले आहे. लेपाही बदलतो का?

खाडीकाठ

पुळण, मासा अंगाला लाटेसारखी हालचाल देऊन गाळ वर उडवतो आणि तो गाळ अंगावर बसला की स्थिर होतो. डोळे आणि तोंडाचा काही भाग एवढेच बाहेर राहते. पुरलेल्या अवस्थेत पाणी तोंडाने घेतले जाते आणि मुख्यतः वरच्या बाजूच्या फटीतून सावकाश बाहेर सोडले जाते. खालच्या बाजूची फट गाळात असल्याने तिथून प्रवाह जोराने सोडला जात नाही. प्रौढ लेप्याला वाताशय, म्हणजे तरंगण्यासाठी लागणारी हवेची पिशवी, नसतो, त्यामुळे तो पाण्यात तरंगून राहू शकत नाही आणि पोहणे थांबले की तळालाच जातो. तळावर राहण्याची सगळी सोय त्याच्या अंगातच आहे.

रंगाविषयी आपण वाचलेले प्रयोग बहुधा बोथस वंशातल्या माशांवरचे असावेत. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की हा उष्ण कटिबंधातला चपटा मासा तळाची नक्षी काही सेकंदांत अंगावर उतरवतो. तो स्वच्छ पाण्यात, उजेडात, वाळू आणि प्रवाळांच्या परिसरात राहणारा मासा आहे. मलबारच्या गढूळ पाण्यात नक्षी पाहणारे डोळे फारसे कामाचे नाहीत. तिथे तपकिरी रंग आणि अंगावरचा गाळ पुरेसा आहे. राहण्याची जागा बदलली की लपण्याचा उपायही बदलतो, असे मला यातून दिसते.

सागरवेळ

खवल्यांवरील वलयांच्या कारणाबाबत मला शंका आहे आणि ती मी गांभीर्याने मांडतो. अनेक माशांमध्ये प्रजननाच्या काळातही वाढ मंदावते आणि वलय पडते. मग लेप्याचे वलय उपासमारीचेच आहे असे कशावरून? शिवाय पावसाळ्यात केवळ अन्नच घटते असे नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, वर चढते. तळाचे पाणी त्या महिन्यांत वर्षातले सर्वांत थंड असू शकते. उष्ण कटिबंधात हिवाळा नाही हे पृष्ठभागापुरते खरे असले तरी तळावरच्या माशासाठी ते पूर्णपणे खरे नाही.

खाडीकाठ

सागरवेळ, आपली शंका रास्त आहे आणि तिच्यामुळे विषय अधिक नेमका होतो. प्रजननाच्या बाबतीत उत्तर तुलनेने सोपे आहे. या माशाचे प्रजनन मुख्यतः पावसाळा सरल्यानंतर सुरू होते, जेव्हा किनाऱ्याजवळ अन्न पुन्हा वाढलेले असते, तर वलय पावसाळ्याच्या काळाशी जुळते. दोन्हींचा काळ वेगळा असल्याने प्रजनन हे मुख्य कारण मानणे अवघड जाते.

थंड आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्याचा मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्ल बान्झे यांनी १९५९ मध्ये आणि पुढे १९६८ मध्ये या किनाऱ्याच्या जलस्थितीवर जे लिहिले, त्यात तळावरच्या माशांवर या पाण्याचा होणारा परिणाम स्पष्टपणे मांडला आहे. असे पाणी खंडमंचावर आले की तळाचे मासे त्या पट्ट्यातून दूर सरतात. म्हणजे लेपा दोन बाजूंनी अडचणीत येतो: किनाऱ्यालगत लाटा, गोडे पाणी आणि नष्ट झालेले अन्न, तर बाहेरच्या बाजूला प्राणवायूची कमतरता. शेषप्पा आणि भीमाचार यांचा तळाच्या जिवांचा पुरावा भक्कम आहे आणि मी उपासमारीलाच पहिले स्थान देतो. परंतु वाढ थांबण्यात थंडीचा आणि प्राणवायूचा वाटा नाही असे म्हणण्यास माझ्याकडे आधार नाही, आणि तसे म्हणूही नये.

रापणकर

केरळात पावसाळ्यात समुद्रात चिखलाचे शांत पट्टे तयार होतात आणि तिथे भर पावसात मासेमारी चालते असे ऐकले आहे. लेपा तिथे आसरा घेतो का?

खाडीकाठ

ते पट्टे म्हणजे चाकर. आलप्पुळा जिल्ह्यातल्या अंबलप्पुळा, पुरक्काड या भागातले चाकर सर्वांत प्रसिद्ध आहेत. तळाचा अतिशय बारीक गाळ पाण्यात मिसळून दाट होतो, लाटांची ऊर्जा त्या दाट गाळात विरते आणि आजूबाजूला समुद्र खवळलेला असताना तेवढा अर्धवर्तुळाकार भाग शांत राहतो. तिथे छोट्या होड्या समुद्रात नेता येतात, म्हणून किनाऱ्यावरच्या कुटुंबांना पावसाळ्याच्या सर्वांत कठीण दिवसांत उत्पन्न मिळते. तिथे कोळंबी, तारली आणि तळावरचे मासे पकडले जातात आणि त्यांत लेपाही असतो. मात्र चाकरामुळेच लेपा जगतो असे समजू नये. त्याची खरी मोठी मासेमारी पाऊस ओसरल्यावरची, आणि ती मुख्यतः उत्तरेकडच्या मलबार भागातली.

माजघर

मी अभ्यासक नाही, परंतु गोव्यात माहेर असल्यामुळे लेपो साफ करण्याची सवय लहानपणापासून आहे. मुस्कटापाशी चीर देऊन वरची कातडी एकदम शेपटीपर्यंत ओढून काढतात, मग रवा लावून तळतात. पोट साफ करताना आतडे लांब आणि करड्या गाळाने भरलेले दिसते. हा मासा चिखलच खातो की काय, असे आमच्या घरी सर्वांना वाटत असे. वरच्या चर्चेवरून उलगडा झाला की तो कृमी खातो आणि गाळ त्यांच्याबरोबर आत जातो. बरोबर आहे का?

खाडीकाठ

माजघर, बरोबर आहे. कृमी नळ्यांसह आणि भोवतालच्या गाळासह गिळले जातात, त्यामुळे आतड्यात गाळ दिसतो. भिंगातून पाहिल्यास त्या गाळात कृमींचे बारीक केस आणि फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची सूक्ष्म कवचे ओळखू येतात. लेप्याच्या आतड्यातला गाळ म्हणजे तो ज्या तळावर चरत होता त्या तळाचा नमुनाच असतो.

सागरवेळ

आता मासेमारीबंदीचा प्रश्न. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. लेप्याचे प्रजनन पावसाळ्यानंतर होत असेल तर या बंदीचा त्याला उपयोग काय?

खाडीकाठ

प्रजननाच्या काळाला थेट संरक्षण या बंदीतून मिळत नाही, हे मान्य करावेच लागेल. तिचा लाभ दुसऱ्या मार्गाने होतो. ज्या दोन महिन्यांत मासा आधीच उपाशी आणि अडचणीत असतो त्या काळात तळावरून ओढली जाणारी जाळी थांबतात, आणि तळाला सावरायला थोडी उसंत मिळते. पण बंदी उठताच ट्रॉलर नेमके त्या पट्ट्यात उतरतात जिथे लेप्याचे थवे परतत असतात. हा अल्पायुषी मासा आहे, त्याच्या मासेमारीचा भार एका-दोन वर्षांच्या पिढ्यांवरच असतो, म्हणून एखादे वर्ष पिल्ले कमी झाली तर त्याचा परिणाम पुढच्याच हंगामात दिसतो. आकडा घसरला की केवळ ट्रॉलरला दोष देणेही तितकेच घाईचे ठरते, कारण पावसाळा बदलला तरी असेच घडू शकते. दोन्ही कारणे वेगळी करायची तर मासळीच्या नोंदींबरोबर तळाच्या गाळाच्याही नियमित नोंदी हव्यात, जशा मलबारात सत्तर वर्षांपूर्वी ठेवल्या गेल्या.

जाळ्याबद्दल एक गोष्ट जोडतो. लहान मासे निसटावेत म्हणून चौकोनी आसेच्या (छिद्रांच्या) जाळ्याचा आग्रह धरला जातो आणि गोलसर अंगाच्या माशांसाठी तो योग्यच आहे. परंतु चपट्या माशाच्या अंगाला हिऱ्याच्या आकाराची आस अधिक सोयीची पडते, हे इतर समुद्रांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. सर्व प्रजातींना एकच नियम लावताना लेप्यासारख्यांचा विचार वेगळा व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

वर्गातील_फळा

खवल्यावरील वलय प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना दाखवता येईल का? साधा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आहे.

खाडीकाठ

नक्कीच. वरच्या, तपकिरी बाजूच्या मध्यभागावरून, पार्श्वरेषेच्या जवळची काही खवले चिमट्याने अलगद काढावीत. डोक्याजवळची आणि शेपटीजवळची टाळावीत, कारण तिथली खवले लहान व वेडीवाकडी असतात. कोमट पाण्यात भिजवून ब्रशने कातडीचा थर पुसून काढावा आणि दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून कमी भिंगशक्तीखाली पाहावे. एका टोकाला बारीक दातांची कड दिसेल. वाढीच्या रेषा दुसऱ्या टोकाकडे मोजाव्यात. एखादे खवले गळून पुन्हा उगवलेले असेल तर त्याच्या मध्यभागी रेषाच नसतात, अशी खवले बाजूला ठेवावीत. एकाच माशाची किमान पाच-सहा खवले पाहून सर्वांवर वलय त्याच जागी येते का हे तपासावे आणि मासा कोणत्या महिन्यात पकडला ते काचपट्टीवर लिहून ठेवावे. सप्टेंबरातला आणि फेब्रुवारीतला मासा मिळवता आला तर वलयानंतर कडेपर्यंतची वाढ दोन्हींत किती वेगळी आहे, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या मोजमापातून कळेल.